वाकलेल्या पट्टीवरून निकेलच्या थरातला ताण कसा मोजायचा

मे महिन्यात गच्चीवर पापड वाळत घातले की तासाभरात त्यांच्या कडा वर उचलायला लागतात. वरची बाजू उन्हानं आधी वाळते आणि आकसते, खालची ओली बाजू तिला मोकळेपणी आकसू देत नाही. त्या ओढाताणीत पापडाची वाटी होते. आमच्या आईचा आवाज यायचा, "पलटवा रे लवकर, नाहीतर तडकतील!" धातूवर चढवलेल्या थराचंही असंच असतं. प्लेटिंगचा, म्हणजे विजेने चढवलेल्या धातूच्या मुलाम्याचा, थर दिसायला शांत, चकचकीत असतो, पण आतून आकसायला किंवा पसरायला बघत असतो आणि खालचा धातू त्याला धरून ठेवतो. या अडवलेल्या हालचालीला अंतर्गत ताण म्हणतात. तो डोळ्यांना दिसत नाही, पण खालचा धातू पुरेसा पातळ असेल तर वाकून त्याची बातमी देतो.

गेली काही वर्षं मी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या प्लेटिंगवाल्यांबरोबर आणि इंजिनिअरिंगच्या मुलांबरोबर हा प्रयोग करत आलोय. एक साधी पट्टी, ग्राफ पेपर, मायक्रोमीटर आणि चांगला तराजू एवढ्यावर तो होतो. मुलामा का सोलला, वाकवल्यावर का तडकला यावर अंदाजाने बोलणं मला पटत नाही. दोन तास काढले की आकडा हातात येतो. खाली सगळी रीत माझ्या क्रमाने देतो. जिथे मी स्वतः चुकलो, तिथे जरा जास्त थांबलोय.

ही रीत कुठून आली

१९०९ साली जॉर्ज जेराल्ड स्टोनी या आयरिश अभियंत्याला सर्चलाइटच्या आरशांनी छळलं होतं. आरशांच्या चांदीवर संरक्षणासाठी चढवलेला तांब्याचा थर आपोआप सुटून यायचा. त्यानं सुमारे ०.३१ मिलिमीटर जाडीच्या, १०२ मिलिमीटर लांब आणि १२ मिलिमीटर रुंद पोलादी पट्ट्यांच्या एका बाजूला निकेल चढवलं आणि पट्टी किती वाकते ते मोजलं. वाकण्यावरून त्यानं थरातला ताण काढला. आज सिलिकॉन चिपच्या कारखान्यातही याच सूत्रावर काम चालतं, फक्त पट्टीच्या जागी वेफर (सिलिकॉनची पातळ चकती) असतो आणि ग्राफ पेपरच्या जागी लेझर.

सूत्र असं:

थरातला ताण = (पट्टीचा द्विअक्षीय मापांक × पट्टीच्या जाडीचा वर्ग × वक्रता) ÷ (६ × थराची जाडी)

वक्रता म्हणजे १ भागिले वाकाची त्रिज्या. द्विअक्षीय मापांक म्हणजे यंग मापांक (धातू ताणायला किती कडक ते) भागिले (१ वजा पॉयझन गुणोत्तर, म्हणजे ताणल्यावर तो आडवा किती आकसतो ते). पितळेचा यंग मापांक साधारण १०५ गिगापास्कल, पॉयझन गुणोत्तर ०.३४, म्हणून तो १५९ गिगापास्कल येतो. या सूत्रातली एक गोष्ट मला फार आवडते. थराचे गुणधर्म त्यात कुठेच नाहीत. निकेलचा मापांक काय, तो ठिसूळ की नरम, काही माहीत नसलं तरी चालतं. थर पट्टीपेक्षा खूप पातळ असला म्हणजे झालं.

पट्टी

०.२५ मिलिमीटर जाडीची पितळी शिम, म्हणजे पातळ पत्रा, घ्या. मशिनरीचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे ती मिळते. १० मिलिमीटर रुंद, ११५ मिलिमीटर लांब पट्ट्या कापा. यातली १५ मिलिमीटर क्लिपमध्ये धरायला, १०० मिलिमीटर प्लेटिंगला.

कात्रीने कापू नका. कात्री कडेला धातू दाबत जाते, तिथे नवा ताण शिरतो आणि पट्टी आधीच पिळवटते. गिलोटिन शिअरने (पत्रा कापायच्या यंत्राने) कापा आणि कडेचा बर, म्हणजे कापताना उरलेला खरखरीत काठ, बारीक एमरी पेपरने हलक्या हाताने काढा. शिम गुंडाळीतून येते म्हणून तिला थोडा बाक असतोच. तो काढायला टेबलावर घासून सरळ करायच्या भानगडीत पडू नका, कारण तुम्ही जेवढं सरळ कराल तेवढा नवा ताण आत कोंबाल. बाक असू दे, फक्त आधी मोजून ठेवा.

जाडी मायक्रोमीटरने पाच ठिकाणी घ्या. सूत्रात जाडीचा वर्ग आहे, म्हणून इथली ढिलाई दुप्पट होऊन परत येते. ०.२५ ऐवजी पट्टी खरी ०.२४ असेल तर उत्तर ८ टक्क्यांनी चुकतं. पॅकेटवर छापलेली जाडी कधीच वापरू नका.

मग पट्टी ॲसिटोनने पुसून कोरडी करा आणि ०.१ मिलिग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या तराजूवर वजन घ्या. अशी पट्टी सुमारे २.४ ग्रॅम भरते.

पहिलं वाचन

पट्टीचं टोक क्लिपमध्ये धरा आणि पट्टी कडेवर उभी राहील अशी ठेवा, खाली काचेखाली ग्राफ पेपर. आडवी धरली तर ती स्वतःच्या वजनाने लवते आणि तो लव तुम्ही ताण समजून मोजता. पहिल्या वर्षी जवळजवळ प्रत्येक मुलगा ही चूक करतो. कडेवर उभी पट्टी फक्त बाजूला वाकते आणि गुरुत्वाकर्षण आड येत नाही.

मोबाइल वरून, दोन-अडीच फुटांवरून झूम करून धरा आणि फोटो काढा. जवळून काढलेल्या फोटोत कडा तिरप्या दिसतात. मोकळ्या टोकाची जागा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक वाचता आली पाहिजे. हे शून्य वाचन.

दोन्ही टोकांमध्ये दोरी ताणून मधला बाक मोजायचा मोह होतो. पण एक टोक धरून दुसऱ्याचं सरकणं मोजलं तर तोच बाक चौपट मोठा दिसतो. एवढ्या छोट्या मापात चौपट म्हणजे फार झालं.

मागची बाजू झाकणं

एका बाजूलाच निकेल चढलं पाहिजे. दोन्ही बाजूंना चढलं तर दोन ताण एकमेकांना खाऊन टाकतात आणि पट्टी सरळच राहते. त्यासाठी साधं नेलपॉलिश उत्तम चालतं. पाठीवर आणि क्लिपच्या भागावर दोन हात द्या, कडाही झाका, तासभर वाळू द्या.

इथे एक गोम आहे. नेलपॉलिश वाळताना तेही आकसतं आणि पट्टी थोडीशी वाकवतं. म्हणजे झाकण्यासाठी लावलेला थर स्वतःच एक ताणाचा थर आहे! म्हणून शून्य वाचन नेलपॉलिशच्या आधी घ्या आणि शेवटचं वाचन ते ॲसिटोनने पूर्ण काढल्यावर. वजनाचंही तसंच.

बाथ आणि प्लेटिंग

हे काम प्रयोगशाळेत किंवा प्लेटिंग शॉपमध्येच करा, घरच्या ओट्यावर नाही. निकेलच्या क्षारांमुळे त्वचेला ॲलर्जी होते, आणि त्यांची धूळ किंवा फवारा श्वासातून जाणं कर्करोगाला कारण ठरू शकतं. नायट्राइल हातमोजे, चष्मा आणि हवेला बाहेर काढणारा पंखा लागतोच.

ऑलिव्हर वॉट्सचा १९१६ चा बाथ, म्हणजे प्लेटिंगचं द्रावण, अजून जगभर वापरात आहे. एक लिटरला निकेल सल्फेट २४० ते ३०० ग्रॅम, निकेल क्लोराइड ४५ ग्रॅमच्या आसपास, बोरिक ॲसिड ३० ते ४५ ग्रॅम. पीएच ४ च्या जवळ, तापमान ५५ अंश. पाणी डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) घ्या, बोअरचं नको. क्लोराइड वाढलं की ओढीचा ताण (थर आकसायला बघतो तेव्हाचा) वाढतो, म्हणून तो आकडा वहीत लिहाच.

पट्टीची उघडी बाजू अल्कली क्लीनरने स्वच्छ करा, धुवा. पाणी तिच्यावर अखंड पसरलं पाहिजे, थेंब-थेंब तुटलं तर अजून तेलकटपणा आहे. मग ५ ते १० टक्के सल्फ्युरिक ॲसिडमध्ये काही सेकंद बुडवा, धुवा आणि लगेच बाथमध्ये घाला.

उघडं क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.१ चौरस डेसिमीटर. चौरस डेसिमीटरला २ ॲम्पिअर धरले तर रेक्टिफायरवर (एकदिश वीज देणाऱ्या यंत्रावर) ०.२ ॲम्पिअर लावायचे. फॅरेडेच्या नियमाने चौरस डेसिमीटरला १ ॲम्पिअर असेल तर तासाभरात १२.३ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) निकेल बसतं. त्यातली ९६ टक्के वीज निकेल चढवण्यात लागते असं धरलं तर आपल्या २ ॲम्पिअरला ५ मायक्रॉनला साधारण १३ मिनिटं लागतात. ॲनोड (विजेच्या धन टोकाला जोडलेला निकेलचा तुकडा) पट्टीच्या उघड्या बाजूसमोर, समांतर ठेवा, नाहीतर एका टोकाला थर जाड होतो.

वेळ संपली की धुवा, नेलपॉलिश काढा, वाळवा, वजन करा, आणि पट्टी खोलीच्या तापमानाला यायला वीस मिनिटं थांबा. मग पुन्हा तीच क्लिप, तीच जागा, तोच फोटो.

गणित

समजा वजन २.४४३१ ग्रॅमवरून २.४८७६ झालं. वाढ ४४.५ मिलिग्रॅम. निकेलची घनता ८.९, क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर, म्हणून जाडी ५ मायक्रॉन. घड्याळावरून काढलेल्या जाडीपेक्षा वजनावरची जाडी मी जास्त मानतो.

मोकळं टोक शून्य वाचनापासून २.३ मिलिमीटर सरकलं. वक्रता = २ × सरकणं ÷ लांबीचा वर्ग = २ × ०.००२३ ÷ ०.०१ = ०.४६ प्रति मीटर. म्हणजे सव्वादोन मीटरपेक्षा किंचित कमी त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. सूत्रात घातलं की ताण येतो १५२ मेगापास्कल. साध्या वॉट्स बाथमधून येणारा थर याच सुमारास असतो, साधारण १२५ ते २१० मेगापास्कल ओढीचा.

दिशा कशी ओळखायची? पापड आठवा. निकेलची बाजू वाटीच्या आत, खोलगट बाजूला असेल तर थर आकसायला बघतोय, म्हणजे ओढीचा ताण. निकेल फुगीर बाजूला असेल तर थर पसरायला बघतोय, म्हणजे दाबाचा ताण. दिशा वहीत शब्दांत लिहा, नुसत्या अधिक-उणे चिन्हावर विसंबू नका. सहा महिन्यांनी ते चिन्ह कशाचं होतं ते आठवत नाही.

अजून एक सावधगिरी. थराची जाडी पट्टीच्या २ टक्के असली तरी निकेल पितळेपेक्षा कडक असल्यामुळे स्टोनीचं उत्तर दहाएक टक्क्यांनी कमी येतं. थर पातळ ठेवला तर ही चूक घटते, पण सरकणंही घटतं. मला ५ मायक्रॉन हा बरा मध्य वाटतो. बाथ-बाथची तुलना करायची असेल तर ही चूक दोन्हीकडे सारखीच असते.

वेळ असेल तर २.५, ५ आणि ७.५ मायक्रॉनच्या तीन पट्ट्या करा. निकेलचे सुरुवातीचे थर बहुतेकदा जास्त ताणलेले असतात. एकाच पट्टीवरून तुम्हाला सगळ्या थरांची सरासरी मिळते. ताण गुणिले जाडी हा आकडा जाडीसमोर आलेखावर मांडला की त्याचा चढ प्रत्येक नव्या थराचा खरा ताण दाखवतो.

नागपूरचं तापमान

हा भाग मी सर्वात आग्रहाने लिहितोय, कारण इथेच मी एका चांगल्या बाथचं नुकसान केलं.

जानेवारीत आम्ही एका शॉपमध्ये मोजमापं सुरू केली. मे येईपर्यंत त्याच बाथच्या पट्ट्या जास्त वाकू लागल्या, ताण ३५ ते ४० मेगापास्कलने वाढलेला दिसला. मी ठामपणे सांगितलं की बाथ बिघडतोय, सॅकरिन (ओढीचा ताण कमी करायला बाथमध्ये घालतात ते) वाढवा. त्यांनी माझ्या शब्दावर वाढवलं. आठवड्याभरात एका लॉटचे भाग वाकवून बघताना निकेल टिकटिक आवाज करत तडकलं. मालक काही बोलले नाहीत. त्यांनी तडकलेला एक तुकडा माझ्यासमोर टेबलावर ठेवला. तो तुकडा अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

बाथ ठीक होता. बदलली होती खोली. पट्टी ५५ अंशांच्या बाथमधून बाहेर येऊन खोलीच्या तापमानाला थंड होते. पितळेचा प्रसरणांक (एक अंश तापल्यावर लांबी किती वाढते तो आकडा) सुमारे १९, निकेलचा १३.४ (दशलक्षांश, प्रति अंश). थंड होताना पितळ जास्त आकसतं आणि वरच्या निकेलला दाबतं. हा दाब दर अंशामागे सुमारे १.६ मेगापास्कल भरतो. जानेवारीत सकाळी शॉपमध्ये १८ अंश असेल तर थंड होणं ३७ अंशांचं, म्हणजे सुमारे ६० मेगापास्कल दाब ओढीच्या ताणातून वजा. मेमध्ये आत ४२ अंश असतं, थंड होणं फक्त १३ अंशांचं, वजा होतात २१. फरक ३९ मेगापास्कलचा, आणि बाथमधला एक रेणूही बदललेला नाही.

नागपूरसारख्या गावात, जिथे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो आणि हिवाळ्यात रात्री १० च्या खाली येतो, हा फरक लपून राहत नाही. म्हणून प्रत्येक वाचनाशेजारी खोलीचं तापमान लिहा. बाथमधला मूळ ताण हवा असेल तर हा दाब परत मिळवा. वरच्या उदाहरणात खोली ३० अंशांची होती असं धरलं, तर १५२ मध्ये ४० मिळवून तो १९२ होतो.

दुसरा उपाय पट्टी बदलण्याचा. स्प्रिंग स्टीलचा प्रसरणांक निकेलच्या जवळ, ११ ते १२ आहे, त्यामुळे तापमानाचा भाग बराच लहान होतो. पण पोलादाला ॲसिडमध्ये जास्त वेळ ठेवू नका, हायड्रोजन आत शिरतो आणि पट्टी ठिसूळ होते. स्टीलचा यंग मापांक २०५ गिगापास्कलच्या आसपास, म्हणजे पट्टी कमी वाकेल, तेव्हा ०.२ मिलिमीटरची घ्या.

आणि वाचन घेताना कूलर बंद करा. कूलरचा झोत पट्टी हलवतो आणि एका बाजूने थंडही करतो.

आकडा मोठा आला तर

ओढीचा ताण मोठा असेल तर थर तडकायला बघतो. विदर्भातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते तसंच. माती आकसते, खालचा थर धरून ठेवतो, आणि एका मर्यादेपलीकडे तिला फाटणं सोपं जातं. किती ऊर्जा भेगेला मिळते ते ताणाच्या वर्गावर आणि थराच्या जाडीवर ठरतं. जाडी दुप्पट केली तर ती ऊर्जा दुप्पट होते, ताण दुप्पट झाला तर चौपट. म्हणूनच ५ मायक्रॉनला छान टिकलेलं निकेल २० मायक्रॉनला तडकू शकतं, बाथ तोच असला तरी. ग्राहकाने जाड थर मागितला की मी आधी ताण मोजतो.

दाबाचा ताण मोठा असेल तर थर फुगून सुटतो, विशेषतः जिथे खालचा धातू नीट साफ झालेला नसतो. धातूच्या थकव्याच्या (वारंवार भार येऊन तुटण्याच्या) दृष्टीने मात्र थोडा दाब चांगला. सतत झटके खाणाऱ्या शाफ्टवर ओढीचा ताण असलेलं निकेल चढवलं की त्याचं आयुष्य घटतं.

ताण कमी करायला सॅकरिन वापरतात. ते ओढीचा ताण उतरवतं, पुढे दाबाकडे नेतं. पण त्यातलं गंधक थरात जाऊन बसतं, आणि असा थर २०० अंशांच्या वर तापला की ठिसूळ होतो. म्हणून लिटरला पाव ग्रॅमच्या पावलाने वाढवा आणि प्रत्येक पावलाला नवी पट्टी काढा, एका खोलीत, एका तापमानाला. मी त्या मे महिन्यात एकही पट्टी न काढता सांगितलं होतं.

वापरलेलं द्रावण आणि धुण्याचं पाणी नालीत सोडू नका. निकेल पाण्यात टिकून राहतं. ते डब्यात साठवा आणि घातक कचऱ्याच्या अधिकृत वाटेने द्या. विदर्भासाठी तशी सामायिक सुविधा बुटीबोरीला आहे.

व्हॅक्यूममधल्या पातळ थरांसाठी

बाष्पीभवनाने किंवा स्पटरिंगने (आर्गॉन वायूच्या आयनांच्या माऱ्याने धातूचे अणू उडवून) चढवलेले थर मायक्रॉनच्या भागात असतात, तिथे ग्राफ पेपर पुरत नाही. सूक्ष्मदर्शकाची ०.१५ मिलिमीटरची लांब कव्हरस्लिप घ्या, साधारण २४ बाय ५० मिलिमीटरची. तिच्यावर साधा लेझर पॉइंटर तिरपा मारा आणि परावर्तित ठिपका तीन मीटरवरच्या भिंतीवर पाडा. कव्हरस्लिप एका सरकत्या टेबलावर २० मिलिमीटर सरकवा आणि ठिपका किती हलतो ते खडूने टिपा. काच २०० नॅनोमीटर थराखाली २०० मेगापास्कलच्या ताणाने वाकली तर ठिपका सुमारे १४ मिलिमीटर सरकतो, कारण आरशाचा कोन जेवढा बदलतो त्याच्या दुप्पट प्रकाश वळतो. लेझर डोळ्यांच्या पातळीवर ठेवू नका.

कव्हरस्लिप मुळात सपाट नसतात, म्हणून हेच मोजमाप थर देण्याआधी त्याच स्लिपवर, त्याच टोकाकडून करून ठेवा. एका कोपऱ्यावर मार्करने खूण केली की दिशा चुकत नाही. स्पटरिंगमध्ये आर्गॉनचा दाब कमी ठेवला तर वेगवान अणू थराला ठोकून घट्ट करतात आणि ताण बहुधा दाबाचा येतो, आर्गॉन वाढवला की तो ओढीकडे जातो. एका दुपारी आर्गॉनच्या चार-पाच दाबांवर एकेक स्लिप काढली, तर ठिपका भिंतीवर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाताना दिसतो. खडूच्या खुणांशेजारी प्रत्येक दाब आणि खोलीचं तापमान तिथेच भिंतीवर लिहा, आणि पुसण्याआधी फोटो काढून घ्या.